६ पौंडी दोरीवर मोठा बास काढता येतो का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोच्या मिरामार तलावावर ६ पौंडी (म्हणजे ६ पौंड ताण सोसणाऱ्या) फ्लोरोकार्बन या प्लास्टिकच्या दोरीवर आपल्याला बास जातीचे लहान मासे नेहमी लागतात, परंतु या हंगामात दोन मोठे मासे दोरी तोडून गेले, तेव्हा आता सरळ १५ पौंडी दोरी भरावी, की याच दोरीवर मोठा मासा काढण्याची काही रीत आहे? मी गेली १४ वर्षे याच परिसरातील तलावांवर गळ टाकतो आहे आणि आपल्यासारखेच मासे मीही घालवले आहेत. माझे उत्तर असे की, दोरी तीच ठेवावी आणि बाकीच्या गोष्टी तपासाव्यात.

तुटून आलेले टोक आपण पाहिले होते का? पाहिले नसेल तर पुढच्या वेळी ते कापून फेकण्याआधी उजेडात धरून नीट पाहा. टोक डुकराच्या शेपटीसारखे कुरळे झाले असेल, तर दोरी तुटलेलीच नाही, गाठ सुटली आहे. टोकाजवळची दोरी पांढुरकी, खरखरीत असेल, तर ती दगडावर, शिंपल्यावर किंवा माशाच्या दातांवर घासली आहे. बासचे दात टोकदार नसतात, ते पॉलिश पेपरासारखे असतात आणि तितक्याच इमानाने दोरी झिजवतात. टोक स्वच्छ असेल आणि त्याआधीचा भाग ताणल्यासारखा वाटत असेल, तर मात्र दोरीवर तिच्या ताकदीबाहेरचा ताण आला, आणि असे बहुतेक वेळा ड्रॅगमुळे, म्हणजे ठरावीक ताणानंतर दोरी सुटू देणाऱ्या रिळातील ब्रेकमुळे होते. माझ्या अनुभवात यातली तिसरी शक्यता सर्वांत कमी वेळा खरी ठरली आहे, आणि तरीही माणूस पहिला विचार जाड दोरीचाच करतो.

६ पौंडी दोरीवर १० पौंडी मासा कसा निघेल, ही शंका स्वाभाविक आहे, पण ती तराजूच्या हिशोबातून येते. मासा पाण्यात असतो तेव्हा पोटातील हवेच्या पिशवीमुळे त्याचे वजन जवळजवळ शून्य असते. दोरीला त्याचे वजन पेलायचे नसते, त्याचे पोहणे आणि त्याचे हिसके तेवढे पेलायचे असतात. त्याला दोरीने पाण्याबाहेर उचलायला गेलात, तर पूर्ण १० पौंड दोरीवर येतील आणि ती तुटेल. म्हणून लांब दांड्याची, रबरी जाळीची झोळी जवळ असल्याशिवाय हलक्या दोरीने गळ टाकू नये, असे मी आग्रहाने सांगेन. हे नुसते पुस्तकी गणित नाही. लॉस एंजेलिसच्या वायव्येकडील कसिटास तलावात रेमंड ईझली यांनी ४ मार्च १९८० रोजी २१ पौंड ३ औंसांचा लार्जमाउथ (मोठ्या तोंडाच्या) जातीचा बास काढला, तो ८ पौंडी दोरीवर, जिवंत क्रॉडॅडचे, म्हणजे गोड्या पाण्यातील झिंग्यासारख्या प्राण्याचे आमिष लावून. १९३२ साली जॉर्ज पेरी यांनी जॉर्जिया राज्यात पकडलेला जागतिक विक्रमाचा मासा २२ पौंड ४ औंसांचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे ईझली यांच्या माशाची थोरवी ध्यानात येते. इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन ही १९३९ साली स्थापन झालेली संस्था दोरीच्या ताकदीनुसार वेगवेगळे विक्रम नोंदवते, त्याचे कारणही हेच आहे की हलक्या दोरीवर मोठा मासा काढणे हे स्वतंत्र कसब मानले जाते.

आपल्या भागात हे कसब अधिक उपयोगी पडते. १९५९ साली फ्लोरिडातील जातीचे बास सॅन डिएगोजवळच्या अपर ओटे तलावात आणले गेले, तेथून ते इतर तलावांत पसरले, आणि हिवाळ्यात सोडल्या जाणाऱ्या ट्राउट माशांवर पोसून त्यांनी असे आकार गाठले की जगभरातील गळकरी इकडे पाहू लागले. मिरामारमध्येच १९७३ साली २० पौंड १५ औंसांचा बास निघाला होता. मात्र हे पिण्यासाठी बाहेरून आणून साठवलेले पाणी नितळ असते, किनाऱ्यावर दिवसभर माणसांची वर्दळ असते, आणि इथला म्हातारा मासा अनेकदा गळाला लागून सुटलेला असतो. अशा माशापुढे जाड दोरी टाकली तर तो आमिषाच्या मागे येतो, थांबतो, बघतो आणि निघून जातो.

इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. हलकी दोरी दिसत नाही म्हणून मासा लागतो, असे सगळे सांगतात, आणि त्यात तथ्यही आहे; फ्लोरोकार्बनचा अपवर्तनांक सुमारे १.४२ आणि पाण्याचा १.३३, त्यामुळे ते नायलॉनपेक्षा पाण्यात कमी उठून दिसते. पण माझे मत असे झाले आहे की, दिसण्यापेक्षा आमिषाच्या हालचालीने अधिक फरक पडतो. ५ इंची सेंको अळी (मऊ प्लास्टिकचे अळीच्या आकाराचे आमिष) मधोमध गळाला टोचून सोडली, की तिच्यात भरलेल्या मिठाच्या वजनाने ती सावकाश खाली जाते आणि जाताना तिची दोन्ही टोके अगदी नाजूक थरथरतात. जाड दोरी लावली की ती थरथर मंदावते, कारण दोरीचा ताठरपणा अळीला धरून ठेवतो. काठाजवळ दीड फूट पाण्यात दोन्ही दोऱ्यांवर तीच अळी सोडून पाहा. आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी फरक दिसेल.

आता ड्रॅगविषयी सविस्तर लिहितो, कारण सारे त्यावर अवलंबून आहे. माझे लहानपण रेवदंड्याला गेले. तिथे काका खाडीत जिताडा गरवत, आणि त्यांच्याजवळ ना रॉड होता ना रीळ. हातात नुसता तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी असे आणि तो तर्जनीवरून सुटे. जिताडाही बाससारखाच दबा धरून बसणारा, मोठ्या तोंडाचा मासा आहे. मी शेजारी बसलो की ते म्हणत, “ओढतोय तोवर दे, थांबला की घे.” त्यांच्या तर्जनीवर तंगुसाने पाडलेली एक खोल रेघ होती, आणि ते बोट जे काम करत असे तेच काम रिळाचा ड्रॅग करतो. फरक इतकाच की बोटाला ताण कळतो, ड्रॅगला तो आधी शिकवावा लागतो.

तो शिकवण्याची माझी पद्धत साधी आहे. प्लास्टिकच्या बाटलीत पाऊण लिटर पाणी भरावे, म्हणजे तिचे वजन सुमारे पाऊण किलो, अर्थात साधारण १.६ पौंड होते, आणि हे ६ पौंडांच्या चौथ्या हिश्श्याहून किंचित अधिक आहे. दोरी रॉडच्या सर्व कड्यांमधून ओवून बाटलीला बांधावी, रॉड मासा लागल्यावर धरतो तसा तिरका धरून बाटली उचलावी, आणि बाटली जमिनीवरून उठताच दोरी सावकाश, अखंड सुटू लागेल इतपत ड्रॅग ढिला करावा. “अखंड” हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. बाटली अडखळत, धक्के देत खाली आली, तर त्या रिळावर मोठा मासा कधीही लावू नये, मग ते रीळ कितीही महाग असो. ड्रॅग सुटायला सुरुवातीला लागणारा जोर आणि सुटत राहायला लागणारा जोर यांत तफावत असली, की पहिल्या हिसक्याला दोरी जाते.

हे मला फार उशिरा समजले. काही वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका सकाळी, लव्हाळीच्या कडेला, माझ्या अळीवर एक मासा आला. तो पहिल्यांदा वर उसळला तेव्हा मी त्याचे डोके पाहिले आणि माझे हात थरथरू लागले, इतके ते रुंद होते. तो खोल पाण्याकडे वळला, रॉड वाकला, मी ड्रॅगचा आवाज ऐकण्याची वाट पाहत होतो, आणि आवाज आलाच नाही. एक क्षण सगळे ताठ झाले आणि मग सगळे सैल पडले. घरी येऊन रीळ उघडले तेव्हा दिसले की ड्रॅगचे फेल्टचे वॉशर चपटे होऊन एकमेकांना चिकटले होते, कारण मी संपूर्ण हिवाळा ड्रॅग आवळून ठेवलेला होता. दोरी चांगली होती, गाठही चांगली होती. तो मासा ९ पौंडांच्या खाली नव्हता, आणि त्याच्या ओठात माझा गळ राहिला याचे मला आजही वाईट वाटते.

ड्रॅगची आणखी एक खोड ध्यानात ठेवावी. दोरी बाहेर जाते तसतसा स्पूलवरील, म्हणजे रिळाच्या दोरी गुंडाळलेल्या चकरीवरील, गुंडाळीचा व्यास घटतो, आणि तीच पकड सोडवायला दोरीला अधिक जोर द्यावा लागतो. व्यास पाऊणपट झाला तर ताण एकतृतीयांशाने वाढतो. त्यात लांबवर गेलेल्या दोरीला पाण्याचा विरोध आणि वाकलेल्या रॉडच्या कड्यांमधले घर्षण मिळते. म्हणून मासा दूर गेला की लोक घाबरून ड्रॅग आवळतात ते नेमके उलटे आहे. त्या वेळी तो एक खाच ढिला करावा, आणि अधिक जोर हवाच असेल तर बोटाचे पेर स्पूलच्या कडेला हलकेच टेकवावे, म्हणजे हवे तेव्हा ते क्षणात उचलता येते. स्पूल कडेपर्यंत भरलेले ठेवण्याचे एक कारण हेही आहे.

गाठीबद्दल थोडक्यात सांगतो. गळ दोरीला बांधायला मी पालोमार नावाची गाठ बांधतो, आवळण्याआधी ती तोंडात धरून ओली करतो आणि सावकाश ओढतो, कारण कोरडे फ्लोरोकार्बन घर्षणाने तापते आणि गाठीतच कमजोर होते. दर चार-पाच माशांनंतर, आणि दगडांत अडकून सुटल्यावर प्रत्येक वेळी, शेवटची हातभर दोरी ओठांमधून फिरवून पाहतो. बोटाला न लागणारी बारीक खरोच ओठांना लागते. लागली की तेवढा भाग कापून पुन्हा गाठ बांधायची, त्यात आळस करायचा नाही. गळ पातळ तारेचा आणि नखावर टेकताच रुतेल इतका धारदार असावा, कारण जाड तारेचा गळ रुतवण्यासाठी जो झटका द्यावा लागतो तो ही दोरी सहन करत नाही. मासा लागल्याचे कळले की झटका देऊ नका. सैल दोरी गुंडाळून घ्या आणि रॉड एका बाजूला लांबवर ओढत न्या, एवढ्याने गळ रुततो.

मासा लागल्यावरची पहिली १५ सेकंदे बासची असतात, कारण तो लांब पल्ल्याचा धावणारा नसून जोरदार मुसंडी मारणारा मासा आहे. त्या वेळात त्याला थांबवण्याचा प्रयत्न करू नये. तो उसळी घेऊन डोके झटकू लागला तर रॉडचे टोक खाली करून त्याला थोडी ढील द्यावी. तो लव्हाळीकडे वळला तर रॉड पाण्याला समांतर धरून विरुद्ध बाजूने ताण द्यावा; सरळ मागे ओढण्यापेक्षा बाजूने ओढल्यास त्याचे डोके लवकर वळते. तरीही तो आत शिरलाच, तर ओढाताण न करता दोरी पूर्ण सैल सोडून मिनिटभर थांबावे. ताण नाहीसा झाला की मासा पुष्कळदा आपणहून बाहेर येतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मला १० पौंडांवरची एक मादी अशाच रीतीने मिळाली. ती लव्हाळीत जाऊन बसली, मी रीळ उघडून दोरी सोडली, आणि थोड्या वेळाने दोरी पाण्यावर हळूहळू डावीकडे सरकू लागली. झोळीत ती डोक्याकडून आली. दोन्ही हातांवर आडवी धरून, जबड्याला न लटकवता, मी तिला पाण्यात परत सोडले.

शेवटी, आपण विचारले नसले तरी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. हलकी दोरी सर्व ठिकाणी वापरू नये. बुडालेली झाडे किंवा दाट पाणवनस्पती असतील तिथे ६ पौंडी दोरी टाकणे म्हणजे माशाच्या तोंडात गळ आणि मागे लांब दोरी ठेवून त्याला सोडून देणे होय. तिथे १५ पौंडी दोरीच योग्य. वसंतात किनाऱ्याजवळच्या घरट्यावर बसलेल्या माशांवर मी हलकी दोरी टाकत नाही. आणि उन्हाळ्यात पाणी २७ अंश सेल्सिअसच्या वर गेले की लांबलेली झुंज माशाला फार महागात पडते, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेल्या स्नायूंत साठलेले लॅक्टिक ॲसिड उतरायला वेळ लागतो. असा मासा पोहत जाताना दिसतो आणि नंतर तळाशी मरतो. माझ्यापुरता मी नियम केला आहे की पाच मिनिटांत मासा झोळीत आला नाही, तर माझी दोरी त्या जागेसाठी आणि त्या दिवसासाठी चुकीची होती. म्हणून जूनच्या अखेरीस पाणी तापू लागले की मी ६ पौंडी रीळ पुसून कपाटात ठेवतो, आणि ठेवण्यापूर्वी ड्रॅगची चकती पूर्ण ढिली करतो.