ट्यूब दोन दिवसांत बंद करू नकोस

तू लिहिलंयस की 14 महिन्यांच्या बाळाच्या गालांवर, कोपराच्या घडीत लाल चट्टे आहेत, रात्रभर खाजवतो, डॉक्टरांनी एक्झिमा सांगून सौम्य स्टेरॉइडची ट्यूब दिलीय पण लावायला हात धजत नाही. अगं, मी इथेच अडकले होते. माझी लेक आता नऊ वर्षांची आहे, पण तेव्हा मी काय करायचे, जेमतेम टिपक्याएवढं क्रीम लावायचं, चट्टा फिका पडला की दुसऱ्या दिवशी बंद, आठवड्यात परत तेच, असे सहा-सात महिने गेले आणि पोरीला एक रात्र धड झोप नाही.

नंतरच्या स्किनच्या डॉक्टरांनी मापच शिकवलं. आपल्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत पिळलेली क्रीम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ती मोठ्या माणसाच्या हाताच्या, बोटांसकट दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. लाली आणि खरखर दोन्ही जाईस्तोवर लावायचं, सांगितलेल्या दिवसांत गेली नाही तर परत दाखवायचं, मनाने वाढवायचं नाही. कातडी पातळ होते हे खरंय, पण ते मुख्यतः स्ट्राँग औषध महिनोन्महिने चोळल्यावर. म्हणूनच केमिस्टकडची ती स्टेरॉइड, अँटिबायोटिक, बुरशीचं औषध सगळं एकात असलेली क्रीम बाळाला अजिबात नको, त्यात बरेचदा फार स्ट्राँग स्टेरॉइड असतं.

आणि खरं रोजचं काम मॉइश्चरायझरचं. या मुलांची कातडी पाणी धरूनच ठेवत नाही, बऱ्याच जणांत फिलाग्रिन नावाचं प्रोटीन जन्मतःच कमी असतं, त्यामुळे चट्टे नसतानाही लावायचंच. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत आंघोळ, पंचाने टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच बिनवासाचं घट्ट क्रीम थापायचं, दिवसातून दोनदा तरी. सगळ्या अंगाला लावलं तर आठवड्याला पाव किलो सहज लागतं, म्हणून छोट्या बाटल्या नको, मोठा डबाच घे.

सासूबाई डाळीच्या पिठाने चोळतात म्हणालीस, ते मात्र थांबव. त्यांना वाईट वाटेल, आमच्याकडेही वाटलं, मग मी क्रीम लावायचं काम आजीकडेच दिलं आणि त्या माझ्यापेक्षा नीट लावायच्या. मोहरीचं तेलही नको.

दूध, अंडं सरसकट बंद करू नकोस, वाढीच्या वयात उगाच उपासमार होते. खाल्ल्यावर लगेच किंवा तासा-दोन तासांत गांधी उठल्या, उलटी झाली तर डॉक्टरांशी बोल, आणि ओठ सुजले किंवा श्वास लागला तर सरळ दवाखाना गाठ.

नखं कापलेली ठेव, रात्री पातळ सुती कपडे, फार पांघरूण नको, घामाने खाज वाढते.

ज्याच्या ओठावर जर, म्हणजे पाण्याचे बारीक फोड, उठलेत अशा कुणालाही बाळाचा पापा घेऊ देऊ नकोस, त्या फोडांतल्या विषाणूने एक्झिमावर गंभीर इन्फेक्शन होऊ शकतं. चट्ट्यांवर पिवळ्या खपल्या, पू दिसला तर दाखवायचंच, पण एकसारखे बारीक पाण्याचे फोड पटापट पसरले, सोबत ताप आला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी घेऊन जा.