आर्थिक सल्ला : नाताळचा आठवडा, डिस्ने आणि अठरा हप्ते

न्यू जर्सीतील एडिसनहून एका वाचकाने पाठवलेल्या पत्राचा गोषवारा असा : "मी एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. पत्नीला एच-४ व्हिसामुळे सध्या नोकरी करता येत नाही. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि मुलगा येत्या १४ जानेवारीला तीन वर्षांचा होईल. सांगलीहून आई-बाबा ऑक्टोबरच्या मध्यास येत असून १० जानेवारीला परत जातील. बाबा ७१ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, पुन्हा एवढा प्रवास त्यांना झेपेल असे वाटत नाही. म्हणून २६ ते ३१ डिसेंबर असे सहा जणांचे ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला जायचे ठरवून पॅकेजची २०० डॉलर अनामत भरली आहे. एकूण खर्च सुमारे ११,४०० डॉलर येतो. सहलीसाठी साठवलेले ४,००० आहेत. उरलेले ७,४०० डॉलर २२ टक्के व्याजाच्या क्रेडिट कार्डावर टाकून महिना ४९० प्रमाणे फेडावेत, की अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेल्या १४,००० डॉलरमधून काढावेत? घरखर्च महिना ५,६०० आहे. बाबा म्हणतात, मी माझी ठेव मोडतो."

सप्रेम नमस्कार.

आपण जावे की न जावे, हा प्रश्न आपण विचारलेलाच नाही, आणि ते योग्यच केले, कारण त्याचे उत्तर आपल्या पत्रातच आहे. आई-बाबा यंदा इथे असणार आहेत. शिवाय डिस्ने वर्ल्डमध्ये तीन वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, त्यामुळे १४ जानेवारीपूर्वीची सहल एका तिकिटाने स्वस्त आहे. (विमान कंपन्या मात्र दुसऱ्या वाढदिवसानंतर पूर्ण आसनाचे पैसे घेतात, ते आपण हिशेबात धरलेले दिसते.) मुलगी दहा वर्षांची झाली की तिला मोठ्यांचे तिकीट लागेल, पण मोठ्यांच्या आणि मुलांच्या तिकिटात फरक अगदी थोडा असतो, त्यामुळे त्याची घाई करण्याचे कारण नाही. तेव्हा यंदाच जावे, फक्त आपण निवडलेला आठवडा सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिस्ने वर्ल्डची तिकिटे २०१८ पासून तारखेनुसार महाग-स्वस्त होतात, आणि नाताळ ते नववर्ष हा त्या दरपत्रकाचा कळस असतो. २०२५ मध्ये तेथील सर्वांत कमी दराचे एका दिवसाचे तिकीट ११९ डॉलरचे होते, तर नाताळच्या आठवड्यात तिथल्या मॅजिक किंग्डम या उद्यानाचे एका दिवसाचे तिकीट, करापूर्वी, १९९ डॉलरवर गेले होते. विमान आणि खोली यांचे दर त्या आठवड्यात तिकिटापेक्षाही जोरात चढतात. आपल्या बेरजेत चार दिवसांच्या तिकिटांचे ३,३००, सहा जणांच्या खोलीचे पाच रात्रींचे ३,२५०, नेवार्कहून विमानाचे २,७००, जेवणाखाणाचे १,५०० आणि लाइटनिंग लेनचे, म्हणजे जादा पैसे भरून लांब रांग टाळण्याच्या सोयीचे, ६४० आहेत. याच बेरजेतली एकही गोष्ट न वगळता डिसेंबरचा पहिला आठवडा घेतला, तर माझ्या ढोबळ अंदाजाने खर्च ८,२००-८,३०० डॉलरच्या घरात येतो. म्हणजे केवळ तारखेपायी आपण सुमारे ३,१०० डॉलर जास्त मोजत आहात, आणि त्या पैशाच्या बदल्यात मिळते काय, तर अधिक गर्दी. रांग टाळण्याची सोय २०२० पर्यंत तिकिटातच फुकट मिळत असे, २०२१ पासून तिचे वेगळे पैसे पडू लागले. आपले ते ६४० डॉलर गर्दीत शिरण्याचे नव्हेत, गर्दीतून सुटण्याचे आहेत, हे हिशेब मांडताना सहसा लक्षात येत नाही.

आता कर्जाविषयी. ७,४०० डॉलर २२ टक्क्यांनी घेऊन महिना ४९० भरल्यास फेड अठरा महिने चालते आणि व्याज सुमारे १,३५० डॉलर होते. जानेवारीत पहिला हप्ता भरला, तर पुढचा नाताळ उलटून त्यानंतरचा जून उजाडेपर्यंत आपण या सहलीचे पैसे भरत असाल. एखाद्या कार्डावर काही महिने शून्य व्याजाची सवलत मिळाली, तर १,३५० वाचतील हे खरे, पण मुद्दल डोक्यावर राहील, आणि आपल्या बाबतीत मुद्दलाचीच काळजी मला अधिक वाटते. एच-१बीवरील माणसाची नोकरी गेली, तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. घरात मिळवते आपण एकटेच. आपले १४,००० डॉलर आज अडीच महिन्यांचा घरखर्च भागवतात, ते खरे तर कमीच आहेत. त्यातून ७,४०० काढले, तर ६,६०० उरतील, म्हणजे जेमतेम पाच आठवडे. साठ दिवसांची मुदत आणि पाच आठवड्यांचा पैसा, हे गणित मी कोणालाही सुचवणार नाही. त्या रकमेला हात लावू नये. आई-बाबांचा प्रवासी विमा मर्यादित रकमेचा किंवा जुनी दुखणी वगळणारा असेल, तर तेही एक कारण आहे. पाय घसरून इमर्जन्सी रूममध्ये जावे लागले, तर बिलातला विम्याबाहेरचा वाटा याच पैशांतून द्यावा लागेल. पॉलिसीतले ते कलम जाण्यापूर्वी एकदा वाचून घ्यावे.

तारीख बदलूनही ८,२०० डॉलर आपल्याला झेपणारे नाहीत, म्हणून सहलीचा आकारही कमी करावा लागेल. इथे मला आपल्या बाबांकडे वळायचे आहे. डिस्ने वर्ल्डच्या तिकिटात ज्येष्ठांना सवलत नाही. जो माणूस रोलर कोस्टरमध्ये बसणार नाही, दुपारी दोननंतर ज्याला सावलीतले बाकडे हवे असेल, त्याचेही चार दिवसांचे पूर्ण पैसे पडतात. काही वर्षांपूर्वी मी माझ्या आईला अशाच एका मोठ्या उद्यानात सलग तीन दिवस नेले होते. दुसऱ्या दिवसापासून ती पिशव्या आणि स्वेटर मांडीवर घेऊन एकाच झाडाखाली बसून राहिली. मुले मधूनमधून येऊन पाणी पिऊन जात होती, तेवढीच काय ती भेट. चूक माझी होती : तिला काय हवे, हे मी तिला विचारलेच नव्हते. आपण बाबांना विचारा. माझा कयास असा, की नातवंडांसोबत एक पूर्ण दिवस मॅजिक किंग्डम त्यांना पुरेल. त्या दिवशी त्यांच्यासाठी तिथे भाड्याने मिळणारी व्हीलचेअर आधीच हिशेबात धरावी, संकोच करू नये. दुसऱ्या दिवशी आपण तिघे एखाद्या दुसऱ्या उद्यानात जावे आणि त्या दोघांनी धाकट्याला घेऊन घरी आराम करावा, संध्याकाळी सर्वांनी डिस्ने स्प्रिंग्ज या दुकाने-उपाहारगृहांच्या परिसरात फिरायला जावे, तिथे प्रवेश आणि पार्किंग दोन्ही मोफत आहे.

'घरी' म्हणालो, ते मुद्दाम. डिस्नेजवळच्या किसिमी भागात स्वयंपाकघर असलेली घरे चार-सहा दिवसांसाठी भाड्याने मिळतात, आणि सहा माणसांच्या मराठी कुटुंबाला सकाळचा चहा, धाकट्याचा वरणभात आणि आजोबांच्या पथ्याचे जेवण स्वतःच्या ओट्यावर करता येणे, ही सोय हॉटेलच्या खोलीत मिळत नाही. उद्यानात बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येतात, फक्त काचेची भांडी आणि मद्य चालत नाही, आणि तिथे पदार्थ गरम करून मिळत नाहीत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा यांना गरम करण्याची गरजही नसते. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना लाइटनिंग लेन सात दिवस आधी राखून ठेवता येते, बाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधी. हा तोटा आहे, पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो सोसण्यासारखा आहे.

अशा सहलीची माझी बेरीज अशी : विमान १,२६०, घराचे चार रात्रींचे भाडे ७६०, मोठी गाडी आणि पार्किंग ४६०, आपल्या तिघांची दोन दिवसांची तिकिटे ९३०, आई-बाबांची एका दिवसाची ३५०, लाइटनिंग लेन फक्त एका दिवसासाठी आणि फक्त तिघांसाठी ९०, जेवणखाण ६००. एकूण ४,४५० डॉलर. आपल्याकडे ४,००० आहेतच, आणि जे ४९० आपण जानेवारीपासून बँकेला देणार होता, ते सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे तीन महिने स्वतःलाच दिल्यास १,४७० जमतात. सहल होऊन हजारएक डॉलर शिल्लक राहतील. इतके दिवस कमी केल्यावर ही तीच सहल उरत नाही, हे मी मान्य करतो. नववर्षाच्या रात्रीची आतषबाजी हुकेल. नाताळची सजावट मात्र नोव्हेंबरातच लागलेली असते, त्यामुळे मुलीला ती पाहायला मिळेल. रात्रीच्या आतषबाजीसाठी एक काळजी घ्यावी : नोव्हेंबर-डिसेंबरात काही ठराविक रात्री मॅजिक किंग्डममध्ये वेगळ्या तिकिटाची नाताळ पार्टी असते आणि साध्या तिकीटधारकांना संध्याकाळी सहालाच बाहेर पडावे लागते. पार्टी नसलेला दिवस निवडावा.

मुलीची दोन-तीन दिवस शाळा बुडेल. ते खटकत असेल, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या अधिवेशनासाठी न्यू जर्सीतील शाळांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते, तेव्हा जाता येईल. पण ती सुट्टी साधून आपल्या राज्यातील एवढी कुटुंबे ऑर्लँडोला जातात की त्या दिवसांना 'जर्सी वीक' असेच नाव पडले आहे. दोहोंत मी डिसेंबर निवडेन. तिसरी-चौथीतल्या मुलीचे दोन दिवस भरून काढता येतात.

बाबांची ठेव मोडू देऊ नका. मुदतीआधी मोडल्यास व्याज कमी मिळते, हे एक कारण झाले. दुसरे म्हणजे परत गेल्यावर त्यांच्या गुडघ्यांचा खर्च त्याच पैशांतून व्हायचा आहे. पण नुसते "नको" म्हणू नका, त्यांच्या मनाला ते लागेल. एका दुपारचे सर्वांचे जेवण किंवा नातवंडांची खेळणी त्यांच्या हातून होऊ द्या, आणि बिल त्यांनाच देऊ द्या.

राहता राहिली २०० डॉलरची अनामत. सहल सुरू होण्याच्या तारखेपूर्वी ३० दिवसांपर्यंत पॅकेज रद्द केल्यास ती पूर्ण परत मिळते, त्यानंतर मिळत नाही, आणि उरलेली रक्कमही त्याच सुमारास भरावी लागते. २६ डिसेंबरच्या हिशेबाने आपल्या हातात नोव्हेंबरचा बराचसा भाग आहे, पण तितके थांबू नये. आधी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याचे विमान आणि घर पक्के करावे, आणि त्याच संध्याकाळी जुने पॅकेज रद्द करावे.