खाऱ्या पाण्यात भिजलेला कॅमेरा

प्रश्न : तारकर्लीला होडीतून उतरताना फोन समुद्रात पडला. लगेच उचलला, दोन दिवस तांदळात ठेवला. फोन चालू झाला, पण मागचा कॅमेरा उघडला की नुसता काळा पडदा. पुढचा कॅमेरा नीट चालतो. नवा फोन घ्यावा लागेल का? – एक वाचक, मालवण

उत्तर : एवढ्यात नाही. पुढचा कॅमेरा चालतोय, म्हणजे बिघाड बहुधा मागच्या कॅमेऱ्यात किंवा त्याच्या कनेक्टरमध्ये, म्हणजे बोर्डाला जोडणाऱ्या पिनांच्या जोडणीत आहे. आहे त्या चार्जिंगवर फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून घ्या, मग फोन बंद करा. चार्जरला लावू नका.

तांदळाने काही साधलेलं नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडालं तरी ते आतच राहतात आणि आपल्याकडच्या दमट हवेत पुन्हा ओल धरतात. त्यात बॅटरीचा प्रवाह चालू असला की कनेक्टरच्या पिनांमधलं तांबं झिजतं आणि वर हिरवट-पांढरा थर चढतो. म्हणून असा फोन नुसता वाळवून भागत नाही, आतून साफ करावा लागतो. आणि जितका उशीर, तितक्या पिना जातात.

दुकानात काम असं व्हायला हवं : मागची काच गरम करून उघडायची, सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मगच कॅमेऱ्याचा. कॅमेऱ्याची पट्टी आणि बोर्डावरचं सॉकेट, दोन्ही बाजू ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने घासायच्या. ७० टक्क्यांचं चालणार नाही, त्यात उरलेलं बहुतेक पाणीच असतं. नंतर भिंगाखाली पिना बघायच्या. पुष्कळदा एवढ्यावरच कॅमेरा चालू होतो.

नाही झाला तर दुसरा चांगला कॅमेरा जोडून बघायला सांगा. तो चालला तर तुमचं मॉड्यूल, म्हणजे भिंगं आणि सेन्सर (चित्र टिपणारी चिप) असलेला कॅमेऱ्याचा अख्खा भाग गेला, तो बदलायचा. तोही काळाच दाखवत असेल तर दोष सॉकेटमध्ये किंवा बोर्डावरच्या कॅमेऱ्याच्या वीजपुरवठ्यात आहे; ते काम मायक्रोस्कोपखाली सोल्डरिंग करणाऱ्याकडेच द्या. ही चाचणी न करता कोणी थेट मॉड्यूलचे पैसे मागत असेल तर थांबा.

मॉड्यूल अल्कोहोलमध्ये बुडवू देऊ नका. अल्कोहोल भिंगांच्या मध्ये शिरतं आणि वाळताना डाग सोडतं. बोर्ड अल्ट्रासोनिक मशीनमध्ये (ध्वनिलहरींनी द्रवात साफ करणाऱ्या) टाकणार असतील तर कॅमेरे आधी काढलेच पाहिजेत. फोकस पुढे-मागे सरकवणारी यंत्रणा फार नाजूक असते. तिच्यात मिठाचे कण अडकले की चित्र थरथरतं, जवळचं धूसर येतं. असं मॉड्यूल उघडून साफ करण्यात अर्थ नाही, बदलावंच लागतं.

प्रश्न : पावसात फोन भिजला. कॅमेरा चालतो, पण सकाळी काचेच्या आत वाफ दिसते. – एक वाचक, गुहागर

उत्तर : ही ओल बाहेरची काच आणि कॅमेरा यांच्यामध्ये आहे. पावसाळ्यात कोकणातली हवाच इतकी दमट की फोन टेबलावर ठेवून तो वाळणार नाही. फोन बंद करा, सिमचा ट्रे काढा, घट्ट झाकणाच्या डब्यात १०० ग्रॅम सुकी सिलिका जेल घालून त्यात ४८ तास ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांची ताकद संपली, बदला. हेअर ड्रायर नको. गोंद सुटतो आणि बॅटरी तापते.

वाफ पुन्हा आली तर काचेला बारीक तडा आहे किंवा तिचा गोंद सुटलाय. तेव्हा फक्त काच बदलायची, कॅमेरा नाही. मात्र आधी पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून बघा : सगळीकडे धूसरपणा असेल तर डाग काचेवर किंवा भिंगावर, ठरावीक जागी रेखीव ठिपके असतील तर सेन्सरवर. ठिपके असतील तर काच बदलून पैसे वाया जातील.

प्रश्न : आयपी ६८ चा फोन स्नॉर्केलिंगला पाण्यात नेला तर चालेल का? – एक वाचक, देवगड

उत्तर : नेऊ नका. आयपी ६८ म्हणजे धूळ-पाणी आत न शिरण्याचं रेटिंग, आणि त्याची चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात आणि नव्या फोनवर होते. फोनच्या कडा बंद ठेवणारा गोंद जुना झाला की ती हमी उरत नाही, एकदा उघडलेल्या फोनला तर नाहीच. असा फोन चुकून समुद्रात पडलाच तर बंद करून लगेच नळाच्या हलक्या धारेखाली गोड्या पाण्याने धुवा, पुसा, आणि चार्जिंगचं तोंड पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावू नका. पाण्याचं रेटिंग नसलेला फोन मात्र नळाखाली धरू नका. तो बंद करा, ओल्या फडक्याने बाहेरचं मीठ पुसा आणि त्याच दिवशी उघडायला द्या.