सोयरिकीत सिकलसेलचं कार्ड दाखवायचं का?

प्रश्न: ताई, आम्ही तळोदा तालुक्यातले. मुलगी २२ वर्षांची, नर्सिंग झालेली. कॉलेजातल्या तपासणीत ती सिकलसेलची वाहक निघाली, एएस. आता शहाद्याकडचं स्थळ आलंय. भाऊबंद म्हणतात, तपासणीचं कार्ड पेटीत ठेव, नाहीतर पोरगी घरात बसेल. पुढे नोकरीत, विम्यात तरी हे आड येईल का?

उत्तर: दादा, कार्ड लपवू नका. पण कुणाला, कधी सांगायचं ते मुलीला ठरवू द्या. रक्त तिचं आहे, रिपोर्टही तिचाच.

ती आजारी नाही. सिकलसेल हा आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार; वाहक (एएस) म्हणजे एक जनुक सिकलचं, दुसरं सामान्य. मुलगा एए, म्हणजे दोन्ही जनुकं सामान्य, असेल तर त्यांच्या एकाही लेकराला सिकलसेलचा आजार होणार नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ती शक्यता २५ टक्के. म्हणजे विचारायचं ते मुलाच्या रक्ताबद्दलही. त्याची नुसती सोल्युबिलिटी (रक्तात सिकल आहे का एवढंच पाहणारी साधी चाचणी) निगेटिव्ह आली म्हणून थांबू नका, एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे दाखवणारी चाचणी) करायला लावा. सोल्युबिलिटीत थॅलेसेमियाचा, म्हणजे रक्ताच्या दुसऱ्या एका आनुवंशिक आजाराचा, वाहक सापडत नाही, आणि लेकराला एका पालकाकडून सिकल अधिक दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया आला तर तोही आजारच. सरकारी दवाखान्यात चौकशी करा.

भाऊबंदांची भीती खोटी नाही. साक्री तालुक्यात समुपदेशनाला फिरायचे तेव्हा एका आश्रमशाळेत वाहक मुलींची नावं चक्क फळ्यावर लिहिलेली पाहिली. फळा पुसला मी, पण तोवर गावभर झालं होतं. बाजाराच्या दिवशी एका मुलीच्या आईनं मला गाठलं, "ताई, मनी आंडेर बिमार शे का?" पोरगी ठणठणीत होती. मला आजही त्याचा राग येतो. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावात १९६०च्या दशकात तपासणी झाली, मग वाहकांना स्थळं मिळेनात, आणि काहींनी निकाल लपवून लग्नं केली. तपासणी ज्यासाठी केली तेच राहून गेलं. तुमच्या पेटीतल्या कार्डाचंही तेच होईल.

नोकरीचं म्हणाल तर वाहक असण्यानं नर्सच्या कामात काही अडत नाही. तरी अमेरिकेत २००८ साली जनुकीय माहितीवरून नोकरीत आणि आरोग्य विम्यात भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा झाला, तसा वेगळा कायदा आपल्याकडे अजून नाही, आणि तो व्हायलाच हवा. विम्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ साली 'अनुवांशिक आजार' म्हणून सरसकट वगळणं भेदभावाचं ठरवलं, विमा नियामकानंही त्याच वर्षी कंपन्यांना तशा सूचना दिल्या. अर्जात विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्या, पण वाहक असण्याला 'आजार' लिहू नका.

दोघंही वाहक निघाले तरी सोयरीक मोडलीच पाहिजे असं नाही. गरोदरपणात १०-१२ आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते, पुढचं त्या दोघांनी ठरवायचं. मुलाकडचे बोलणी करायला आले की मुलीलाही बैठकीत बसवा. नर्स आहे ती, तुमच्या-माझ्यापेक्षा नीट समजावून सांगेल.