२७ इंची फ्रेमला ७००सी चाकं: आधी ब्रेक बघा

तुमच्या जुन्या सायकलच्या स्टीलच्या फ्रेमला २७ इंची चाकं आहेत, चांगले टायर मिळत नाहीत, म्हणून ७००सी, म्हणजे किंचित लहान मापाची चाकं, बसतील का, असं विचारलंय. फ्रेममध्ये आरामात बसतील. अडलं तर ब्रेकपाशी अडेल.

टायरच्या कडेला बारीक अक्षरात ३२-६३० असा आकडा असेल. ३२ ही रुंदी आणि ६३० हा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलीमीटरमध्ये. इंचांवर विसंबूच नका. नुसत्या '२६ इंची' नावाखाली ५५९, ५८४, ५९० असे वेगवेगळे व्यास विकले जातात आणि एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. ७००सी म्हणजे ६२२. फरक ८ मिमीचा, म्हणजे प्रत्येक ब्रेकपॅड ४ मिमी खाली उतरायला हवं.

ती जागा आहे का, हे चाकं घेण्याआधी बघा. कॅलिपरच्या, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकच्या, दोन्ही हातांना उभी खाच असते, तिच्यात पॅडचा बोल्ट सरकतो. नट सैल करा, पॅड खाचेच्या तळापर्यंत न्या आणि किती उतरलं ते पट्टीने मोजा. मागचा ब्रेक वेगळा मोजा. पुढे जागा निघाली म्हणून मागे निघेलच असं नाही. कमी पडली तर लांब हातांचा कॅलिपर घ्या. 'जेमतेम पोचतंय, चालून जाईल' हे मात्र नको. पॅडची वरची कड टायरला घासत राहिली की टायरची भिंत कापली जाते, आणि ते बहुतेक वेळा टायर फुटल्यावरच कळतं.

उंचीची काळजी टायर निवडताना मिटते. ३५-६२२ टायर लावलात तर सायकल जेमतेम १ मिमी खाली येते. २८ चा लावलात तर ८ मिमी, मग वळणावर पेडल जमिनीला लागण्याची शक्यता थोडी वाढते. जाड टायर मागच्या नळ्यांमध्ये मावतो का, तेवढं बघा.

मागचं चाक हा खरा खर्चाचा भाग. जुन्या ५ गिअरच्या फ्रेममध्ये हबसाठी (चाकाच्या मधल्या तुंब्यासाठी) साधारण १२० मिमी जागा असते, ६-७ गिअरच्यात १२६; आजच्या रिमब्रेकच्या रोड हबला १३० लागते. १२६ च्या स्टील फ्रेममध्ये १३० चा हब हाताने फाकवून बसतो. १२० असेल तर फ्रेम जाणकाराकडून वाकवून सरळ करून घ्यावी लागते. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या फ्रेमला हा प्रयोग अजिबात करू नये.

माझं मत विचाराल तर तुमचे हब चांगले असतील तर तेच ठेवा आणि त्यांवर तितक्याच भोकांच्या ६२२ च्या अ‍ॅल्युमिनियम रिम विणून घ्या. स्पोक नवे लागतील, पण फ्रीव्हील (मागच्या दातेरी चक्रांचा संच), गिअर आणि फ्रेम जशीच्या तशी राहते. सध्याच्या रिम क्रोमच्या स्टीलच्या असतील तर पावसातला ब्रेक इतका सुधारतो की तेवढ्यासाठीच हा खटाटोप करावा.

५८४ म्हणजे ६५०बी लावायचा मोह होईल, जाड टायर मावतो म्हणून. तिथे पॅड २३ मिमी खाली आणावं लागतं, आणि इतक्या लांब हाताचा ब्रेक दाबला की लवतो. मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

मागच्या हबसाठी फ्रेममध्ये असलेली जागा आणि दोन्ही ब्रेकच्या खाचांची मापं कळवा, म्हणजे कॅलिपर बदलावा लागेल का ते सांगता येईल.