जपानी येत नसताना ओसाका-क्योतोला जाताना

आपण आणि आपले यजमान दोघेच ओसाका आणि क्योतोला जात आहात, दोघांनाही जपानी येत नाही, दोघेही शाकाहारी आहात आणि "अडलो तर विचारायचे कोणाला" या धास्तीने झोप लागत नाही, असे आपण लिहिले आहे. ही धास्ती मी स्वतः अनुभवली आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, रस्ता चुकण्याची काळजी कमी करा आणि जेवणाची तयारी जास्त करा.

ओसाकाच्या मेट्रोत प्रत्येक स्थानकाला अक्षर आणि क्रमांक असतो. लाल रंगाच्या मिदोसुजी मार्गावर उमेदा एम १६, तर नाम्बा एम २० आहे; त्यामुळे उमेदाहून निघाल्यावर आकडे वाढत असतील तर आपण नाम्बाच्याच दिशेने चाललो आहोत, हे एकही अक्षर न वाचता कळते. इकोका हे आधी पैसे भरून ठेवायचे प्रवासाचे कार्ड घेतले की दर वेळी तिकीट काढण्याची यातायातही वाचते.

खरी अडचण ताटात आहे. दाशी हे तिथल्या बहुतेक रश्श्यांचे मूळ असते आणि ते बहुधा कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या पातळ कापांपासून करतात. वाडग्यात मासा दिसत नाही, तरी चव त्याचीच असते. शिवाय "मांस खात नाही" एवढेच सांगितले तर मासे चालतात, असा समज होऊ शकतो. म्हणून मांस, मासे, कोळंबी आणि माशाची दाशी यांपैकी काहीही चालत नाही, असे स्पष्ट जपानीत जाणकाराकडून लिहून घ्या आणि तो कागद दोघांनीही जवळ ठेवा. आपल्या पुण्यात जपानी शिकलेले पुष्कळ लोक आहेत. ओळखीत विचारलेत तर कोणीतरी आनंदाने लिहून देईल.

क्योतोतल्या एका छोट्या उदोनच्या (गव्हाच्या जाड शेवयांच्या) दुकानात मी असाच कागद पुढे केला होता. आजीबाईंनी तो चष्मा लावून दोनदा वाचला, आतून कात्सुओबुशीचे पाकीट आणून मला दाखवले आणि हातांची फुली केली. नंतर त्यांनी नुसते उकडलेले उदोन, वर कांद्याची पात आणि शेजारी सोया सॉस असे वाढले. आमच्यात बोलणे झाले ते माझ्या एका "सुमिमासेन"पुरतेच. हा शब्द मात्र अवश्य पाठ करा, कारण तो आपल्या "अहो, जरा ऐकता का" आणि "माफ करा" या दोन्ही ठिकाणी चालतो. क्योतोत शोजिन र्‍योरी हे बौद्ध मठांच्या परंपरेतले शाकाहारी जेवणही मिळते, ते एकदा जरूर घ्या.

भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये जपानी भाषा घरूनच उतरवून ठेवा, म्हणजे नेट नसतानाही पाटीवर कॅमेरा धरून ती वाचता येईल. हॉटेलचा पत्ता जपानी लिपीत छापून घ्या, कारण टॅक्सीचालकाला रोमन अक्षरांतला पत्ता दाखवून उपयोग होईलच असे नाही. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा.