नवीन सायकल विकताना घंटी, रिफ्लेक्टर आणि लाइट देणं दुकानदाराला कायद्याने बंधनकारक आहे का?

देशानुसार बदलतं. ब्रिटनमध्ये 2010 च्या नियमांप्रमाणे नवीन सायकल विकतानाच तिला घंटी, पुढे पांढरा, मागे लाल आणि चाकांना-पेडलना रिफ्लेक्टर, शिवाय दोन्ही चाकांना वेगवेगळे ब्रेक लागतात, आणि उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचाच हवा. लाइट मात्र विकताना द्यायलाच पाहिजे असं नाही, पण अंधारात चालवताना तेच कंपल्सरी, त्यामुळे लोकांचा गोंधळ इथेच होतो!

अमेरिकेत केंद्रीय नियमात रिफ्लेक्टर आणि ब्रेक आहेत पण घंटी नाही.

म्हणजे विकतानाचा नियम वेगळा आणि चालवतानाचा वेगळा, हे दोन्ही बघा. ब्रिटनमध्येच घंटी घरी जाऊन काढली तर गुन्हा नाही, पण प्लीज काढू नका, मागून येणारी सायकल चालणाऱ्याला ऐकूच येत नाही हो.

पेडलचे रिफ्लेक्टरही काढू नका, दिसायला फालतू वाटतात पण वरखाली हलतात म्हणून मागच्या गाडीवाल्याला लांबूनच कळतं की पुढे सायकल आहे. दुकानदार बोलला की "कोण लावतं हे आजकाल", तर सरळ सांगा, लावून द्या, मगच पैसे.